सासरचं काही न घेणारे दाजी

दाजी,

तुमच्या तेराव्याला कराडच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वडापवाले झाडून सगळे आले होते. कराड ते कोयनानगर, सीटा भरल्या की सुटणारी तुमची वडापची जीप. त्या जीपमधून जन्मभर ये-जा केलेली माणसं आली होती. प्रत्येकाजवळ तुमची एकेक आठवण. घाटात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की तुम्ही थांबल्याशिवाय पुढं जात नव्हता, असं एकजण म्हणाला. एक म्हातारी म्हणाली, "माझी कोंबड्यांची पाटीसुदीक टपावर नीट बांधायचा, एक कोंबडी कवा दगावली न्हाई."

सगळं खरं होतं. पण तुमच्या शेवटच्या वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट कुणीच काढली नाही. ठाऊक सगळ्यांना होती, कारण तुम्हीच ती जीपमध्ये बसेल त्याला ऐकवली होती. पण समोर तुमचा फोटो, फोटोला हार, उदबत्तीचा वास. तिथं कुणी काय बोलणार? ताईनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघी बहिणी गप्प राहिलो.

म्हणून आता लिहिते आहे. मी सांगलीत विश्रामबागेत शिवणक्लास चालवणारी बाई, लिहिण्याची सवय नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मलाच ती परवा कळली, आणि ती ऐकायला तुम्ही हवे होतात.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात ते पोह्यांची बशी हातात धरून दारात उभे. ताईला बघायला आला होतात, कोयनानगरच्या आमच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत. तुम्ही पोह्यांचा पहिला घास घेतला आणि जमीन हलली. कपाटातली भांडी खणखणली. तुम्ही बशीसकट दारात. आम्ही सगळे जागच्या जागी बसून चहा पीत होतो, कारण धरणाच्या कॉलनीत वाढलेल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. आई म्हणाली, "बसा वो, झालं ते." आणि तुम्ही आत येत म्हणालात, "पोरगी घाबरली न्हाई. घाटात गाडीत बसायला अशीच पायजे."

मग देण्याघेण्याचं बोलणं निघालं. बाबा घसा साफ करून सुरू करणार, तेवढ्यात तुम्ही थेट म्हणालात, "पोरगी तेवढी द्या. बाकी सुताचा धागा न्हाई घेणार." तुमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तुमच्या वडलांना मांडवात सगळ्यांदेखत किती ऐकून घ्यावं लागलं होतं, ते ताईनं मला नंतर सांगितलं. तुम्ही तेव्हा लहान होतात, पण ते तुमच्या मनातून कधीच गेलं नाही.

आईला आधी किती आनंद झाला होता! असा जावई मिळायला भाग्य लागतं, म्हणायची. पण तुम्ही तो शब्द इतका पाळलात की पुढं तिलाच तो जड झाला. टॉवेल-टोपी घेतली नाहीत. दिवाळीला कापड घेतलं नाहीत. अधिक महिना आला की ती जावयाच्या वाणाची तयारी करायची आणि तुम्ही जेवून, हात धुऊन, ताट पुढं सरकवून म्हणायचा, "आत्ती, जेवलो की. आता आनि काय?" मग आई वाणाची पिशवी गुपचूप जीपच्या सीटखाली ठेवायची. तुम्ही पुढच्या फेरीला ती आणून परत द्यायचा. आई जायच्या आधी मला म्हणाली होती, "लय गुणाचा जावई. पर माज्या हातनं त्येनं काय घेतलं न्हाई, कल्पे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नुसतं वाईट वाटत होतं तिला.

असे तुम्ही. आणि तुमच्यावर ती वेळ आली.

सुरुवात झाली न्यूमोनियानं. तुम्ही दवाखान्यात राहिलात, जोरकस औषधं चालली, छाती साफ झाली. घरी आलात आणि जुलाब सुरू झाले. आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. मग तपासणीत त्या जंतूचं नाव आलं. डॉक्टर म्हणाल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. तुम्ही म्हणालात, "नावातच डिफिकल्ट हाय, त्ये सुखासुखी जाईल व्हय?" तेव्हा आम्ही हसलो होतो. औषध दिलं की थांबायचं. औषध संपलं की पुन्हा. परत औषध, परत थोडे दिवस बरं, परत तेच, आणि दर खेपेला आधीपेक्षा वाईट.

मी कराडला यायचे तेव्हा तुम्ही संडासाच्या दाराजवळच्या खाटेवर असायचात. तुम्ही, ज्यांनी पावसाळ्यात धुक्यात हात पुढं केला तर दिसत नाही अशा घाटात गाडी चालवली, ते तुम्ही चौकापर्यंतही जाऊ शकत नव्हता. गालफडं बसली. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायचं. जीप अंगणात धूळ खात उभी होती आणि तुम्ही तिच्याकडं पाठ करून झोपायचा. ताई मला मागच्या दारी म्हणाली, "कल्पे, मानूस हातातनं चाललाय गं."

मग आपण सांगलीच्या त्या डॉक्टरीणबाईंकडं आलो. तरुण बाई, बोलायला मोकळी. तिनं आधी तुमचा धंदा विचारला आणि मग तुमच्याच भाषेत समजावलं. मला तिचा शब्द न् शब्द आठवतो. "काका, तुमचं पोट म्हणजे भरलेली जीप होती. त्यात नाना तऱ्हेचे जंतू दाटीवाटीनं बसलेले, सगळे आपापलं काम करणारे. न्यूमोनियाच्या औषधानं छातीतला रोग मारला, पण जीपमधली बिचारी भली माणसंही उतरवली. सीटा रिकाम्या झाल्या. तिथं एक दांडगट येऊन पसरला. त्याला मी औषधानं उतरवते, पण सीटा मोकळ्याच, तो पुन्हा चढतो. आता जीप एकदम भरून टाकायची. त्याला बसायला जागाच ठेवायची नाही."

"आन पॅसेंजर कुठनं आनायचं?" तुम्ही विचारलंत.

तिनं सांगितलं. निरोगी माणसाच्या विष्ठेतून. ती नीट तपासून घ्यायची, मिठाच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून तुमच्या आतड्यात सोडायची.

तुम्ही तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलंत, जणू ती थट्टाच करतेय. मग हळूच म्हणालात, "बाई, मी मेलेलं बरं."

घरचं कुणी दाता मिळतं का, ते बघायला सुरुवात झाली. ताईला नुकतंच दाढेसाठी अँटिबायोटिक झालं होतं, ती बाद. तुमच्या लेकाला साखरेचा त्रास, तोही बाद. तुमचे भाऊ पित्ताच्या गोळ्यांवर. राहिले मी. मी म्हटलं, मी देते. आणि तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

"सासरचा रुमाल घेतला न्हाई जन्मात," तुम्ही म्हणालात, "आन आता मेव्हणीकडनं ह्ये घेऊ? लोकं काय म्हनतील?"

मी काही बोलणार होते, पण ताई उठली. लग्नापासून तिनं तुमच्यापुढं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ती खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगी तेवढी द्या म्हनाला हुता न्हवं आमच्या बाबांला? दिली त्येंनी. आता त्या पोरगीचं काय करनार, सांगा. तिच्यासाठी घ्या. तुमच्यासाठी नगा घेऊ."

तुम्ही भिंतीकडून न वळताच म्हणालात, "कल्पे, तुझ्या त्या तपासण्या सुरू कर."

दाजी, तुमच्यापायी मी किती परीक्षा दिल्या ते तुम्हाला मी सगळं सांगितलंच नाही. रक्ताच्या नळ्याच्या नळ्या. कावीळ, एड्स, आणखी कसलं कसलं. प्रश्न तर असे, की आमचे हे शेजारी बसलेले, त्यांचे कान लाल झाले. शौच रोज होतं का, कसं होतं, कुठं गोंदवून घेतलंय का, परदेशात जाऊन आलात का. परदेश! मी हसले. दहावीला कशीबशी काठावर निघालेली मी. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, सगळं उत्तम. असा दाता सहज मिळत नाही." रिक्षातून घरी येताना मी पोटावर हात ठेवून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझा पहिला नंबर आला होता, आणि तो कशात, तर ह्यात.

आणि मग ती सकाळ. ताजं हवं होतं. तुम्हाला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवून, जुलाबाचं औषध पाजून तुमचं पोट धुऊन काढलेलं. तुम्ही दवाखान्यात तयार. यांनी स्कूटर फाटकाबाहेर तोंड करून उभी केलेली. दवाखान्यानं दिलेला झाकणाचा डबा न्हाणीघरात. आणि मला, रोज घड्याळ लावून घ्यावं अशा वेळेला जाणाऱ्या मला, काहीच होईना.

चहा घेतला. परत घेतला. गरम पाणी प्याले. कंपाउंडमध्ये फेऱ्या मारल्या. शेजारच्या बाई कठड्यावरून म्हणाल्या, "वजन कमी करायचं का हो?" ताईचा फोन. "झालं का गं?" "नाही." पुन्हा फोन. "झालं?" "अगं नाही!" डॉक्टरीणबाईंचा फोन. "ताण घेऊ नका, आपण थांबू." मला रडू यायला लागलं. एक माणूस तिकडं माझ्या भरवशावर पडलाय आणि मी देवापुढं उभी राहून काय मागतेय, तर हे! असलं मागणं त्याच्यापुढं कुणी मागितलं असेल का, असंही मनात आलं.

शेवटी मी म्हटलं, नाही होत तर नाही. मशीनवर बसले. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही जोडायला घेतली. ती बाही अजून अर्धी जोडून व्हायची होती, तोच मी उठून पळाले.

आमचे हे स्कूटर कशी चालवत होते ते मला विचारू नका. डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून मी मागं बसले होते.

दवाखान्यात त्यांनी तो डबा माझ्याकडून घेतला. काही वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या तबकात मोठ्या पिचकाऱ्या होत्या, भरलेल्या. पूर आल्यावर कृष्णेचं असतं तसं गढूळ पाणी. मी विचारलं, "हेच का?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "हेच. यात किती जीव आहेत ते मोजता येणार नाहीत, ताई. आणि नुसते जिवंत नाहीत, एकमेकांना धरून राहायची सवय असलेले."

त्या आत गेल्या आणि मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. जन्मभर मी ज्यावर नाक मुरडून पाणी ओतलं, ते ती शिकलेली बाई हातमोजे घालून, थेंब सांडू न देता, जपून आत नेत होती. माझ्या आत एवढं मोठं काहीतरी नांदत होतं. मी त्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, त्याच्यासाठी कधी काही केलं नव्हतं. ते आपलं निमूट चाललेलं. माझ्यासारख्या साध्या बाईत. मग वाटलं, या व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांत आहे की ते. त्या झाडूवाल्या मावशीत, त्या रडणाऱ्या बाळात. मी एकेकाच्या पोटाकडं बघत राहिले. यांनी हलवलं मला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हे प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, कधी पुन्हा करावं लागतं. तुम्हाला कराडला नेलं. मी इकडं फोन उशाशी घेऊन. आणि थोड्याच दिवसांत सकाळी तुमचा फोन आला. ताईचा नाही, तुमचा.

"कल्पे."

"बोला दाजी."

"काल एकदाच. आज एकदाच. नीट."

मागून ताईचा हुंदका ऐकू आला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तीन माणसं फोनच्या दोन टोकांना रडत होती.

नंतरचं काय सांगू तुम्हाला? तुमचंच ते. आधी मऊ भात, मग भाकरीचा पापुद्रा, मग भाकरी. घड्याळ कोपरावरून हळूहळू परत मनगटावर आलं. जत्रेत नातीला खांद्यावर घेतलंत. आणि एक दिवस तुम्ही जीप धुऊन, पुसून थेट विश्रामबागेत दारात उभी केलीत. "चला, तुमच्या म्हायेराला जाऊ." आम्ही सगळे निघालो. पाटण गेलं, घाट लागला. वळणामागून वळण तुम्ही न थांबता चालवत होतात. ताई सारखी तुमच्याकडं बघत होती, थांबायचं का, थांबायचं का. वर धरणाचं पाणी दिसलं तेव्हा तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. ताई घाबरून म्हणाली, "काय हुतंय?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई. बगायला थांबलोय." आणि किती वेळ त्या पाण्याकडं बघत उभे होतात! मी तुमच्या शेजारी आले. तुम्ही म्हणालात, "कल्पे, वरनं बगितलं तर कळतंय का आत केवढं काय हाय ते?" तुम्ही पाण्याबद्दल बोलत होतात की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

आपला वाद मात्र तसाच राहिला. कारल्याचा. घरात कारलं शिजलं की बाहेर ओट्यावर जाऊन बसणारे तुम्ही, बरे झाल्यावर कारली मागून खायला लागलात. मी लहानपणापासून कारल्यासाठी जीव टाकणारी. "ह्ये माझं न्हाई," तुम्ही म्हणायचा, "तुझे सांगलीचे पॅसेंजर आतनं मागत्यात." मी म्हणायचे, "काहीतरी बोलू नका. इतके महिने पेज पिऊन राहिलेल्या जिभेला कशाचीही चव लागेल." मग तुम्ही म्हणालात, रागही कमी झालाय, तोही माझ्यामुळंच. मी म्हटलं, "दाजी, माझा राग तुमच्याहून मोठा आहे, यांना विचारा. तसं असतं तर तुम्ही रोज भांडी आपटली असती." डॉक्टरीणबाईंना आपण मध्यस्थ केलं, तर त्या हसून म्हणाल्या, यावर जगात अजून शोध चाललाय, छातीठोकपणे मी कुणाच्याच बाजूनं बोलणार नाही. गेल्या दिवाळीतही आपण त्यावर तासभर भांडलो. तुम्ही हरला नाहीत आणि मीही नाही.

आणि मग ज्याचा कधी विचारही केला नव्हता ते तुमचं हृदय थांबलं. कारलं शेवटपर्यंत पचत होतं, असं ताई म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या रडण्यात हसलो. संगमावर तुम्हाला अग्नी दिला तेव्हा बायका लांब उभ्या होत्या. मी धुराकडं बघत होते. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, पण मला वाटत होतं की यात थोडी मीही आहे.

आता ती गोष्ट.

तेरावा होऊन गेल्यावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तुम्ही गेल्याचं त्यांना ताईनं कळवलं होतं. त्या आधी तुमच्याबद्दल बोलल्या, मग अडखळत म्हणाल्या की आटपाडीकडची एक बाई आहे, तुमच्यासारखंच दुखणं, घरातलं कुणी तपासणीत बसत नाही. मी पुन्हा देईन का? मी हो म्हटलं. परवा तपासणीचं रक्त द्यायला गेले. बसल्या बसल्या त्यांना विचारलं, "हे सगळे माझ्या पोटात आले तरी कुठून?"

त्या म्हणाल्या, "खाण्यातून, मातीतून, माणसांतून, जन्मभर येतच असतात. पण अगदी पहिले बहुतेक आईकडून. जन्मताना, मग तिच्या दुधातून, तिच्या अंगाखांद्यावरून. आणि त्यातले काही वंश आयुष्यभर टिकून राहतात, असं आता दिसायला लागलंय."

दंडाला पट्टी बांधलेली, मूठ वळलेली, आणि मी तशीच बसून राहिले.

आईकडून, दाजी.

कोणते तिचे आणि कोणते मातीतले, कुणी सांगू शकणार नाही. पण थोडे तरी तिचे असणारच. ती जे पिशवीत बांधून सीटखाली ठेवायची ते तुम्ही परत आणून दिलंत. हे परत देता आलं नाही. ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी तिनं तुम्हाला दिलं, आणि तुम्ही घेतलंत, आणि त्यावर जगलात. मला हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात, "आत्तींनी शेवटी डाव साधला म्हनायचा." मला तुमचा तो आवाजसुद्धा ऐकू येतो.

रक्त देऊन झाल्यावर डॉक्टरीणबाई मला त्या बाईकडं घेऊन गेल्या. तिलाच मला बघायचं होतं. माझ्यापेक्षा लहान असेल. घरची मेंढरं, आता थोडं डाळिंबही लावलेलं. पलंगावर ती केवढीशी दिसत होती. नवरा उशाला उभा होता, हातातलं मुंडासं चुरगाळत. तिनं माझा हात धरला. मग विचारलं, "ताई, आदी ज्यास्नी दिलं हुतं तुमी, त्ये बरं झालं का वो?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"झाले," मी म्हणाले. "पार बरे झाले. घाटातनं जीप चालवायला लागले. नातीला खांद्यावर बसवून जत्राभर फिरले."

"खरं?"

"अगदी खरं."

तुम्ही गेलात, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं ते विचारलंच नव्हतं. बरे झाले का, एवढंच तिनं विचारलं होतं, आणि तुम्ही झाला होतात, दाजी. तिनं माझा हात न सोडता मान वळवली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, ऐकलंसा न्हवं? त्यो मानूस बरा झाला म्हनं."